काशीनाथचं नाव कमी करण्याचा ठराव

बुधवार, १९ मार्च २०२५

काशीनाथ आजही आला नाही! मी मात्र त्याची खुर्ची मांडून बसले होते. मूर्खपणा माझा. सख्खा धाकटा भाऊ. कैनाडच्या वाडीतून डहाणू रोडला माझ्या खोलीवर यायला मोटारसायकलीने असा किती वेळ लागतो? अठरा वर्षं दर बुधवारी माझ्या प्रार्थनावर्गाला यायचा, येताना पिशवीभर चिकू. आता तोही बंद, चिकूही बंद.

सात जण होते. सगळ्यांना नेहमीप्रमाणे विचारलं — "तुझ्या आत्म्याचं कसं चाललंय?" आम्हा मेथडिस्टांची जुनी रीत. आठवडाभरात कुठे घसरलो, कुठे सावरलो ते प्रत्येकाने सांगायचं, बाकीच्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करायची. मला कुणी विचारत नाही. मी वर्गपुढारी ना! विचारलं असतं तर सांगितलं असतं, नुसता संताप चाललाय म्हणून.

सगळे गेल्यावर ठराव लिहायला बसले. तीनदा खोडला. शेवटी असा —

"काशीनाथ यांचा बालपणीच आपल्या मंडळीत बाप्तिस्मा झालेला असताना, त्यांनी २०२३च्या नाताळाआधी डहाणूच्या समुद्रात, दुसऱ्या मंडळीच्या हातून, बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. आपल्या शिस्तीत दुसरा बाप्तिस्मा नाही. सबब त्यांचं नाव सभासद यादीतून कमी करावं."

६ एप्रिलला सभा. ठराव मीच मांडणार. बहीण आहे म्हणून गप्प बसली, असं कुणी म्हणायला नको.

शुक्रवार, २१ मार्च

आज कुणावर चिडले नाही. कुणी आलंच नाही.

रविवार, २३ मार्च

कैनाडच्या चर्चमध्ये एकोणीस घरं आमची. त्यातली सहा आज प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढे आलीच नाहीत. उमेश आणि त्याच्याबरोबरचे. हाताची घडी घालून बाकावर! म्हणे, लहानपणी डोक्यावर शिंपडलेलं पाणी खरं नाही, ईस्टरला आम्हीही समुद्रात उतरणार, आणि मग तिकडचेच होणार. उमेशला मी दारातच धरलं. तो म्हणतो, "काशीनाथकाका उगीच काही करायचे नाहीत. त्यांना पटलं ना, मग आम्हालाही पटलं." सहा घरं गेल्यावर मागे राहिलं काय? पेटी वाजवणारा उमेश, तोही त्यांच्यातच.

पाळकसाहेब देवेश, वय एकतीस, हातात भाकरीचं ताट धरून किती तरी वेळ तसेच उभे राहिले. उपदेशात म्हणाले, "पवित्रता म्हणजे अंगावर डाग नसणं नव्हे. मनात प्रेम काठोकाठ भरणं. आणि ते एकट्याचं एकट्याने भरत नाही, त्याला शेजारी माणूस लागतो, न पटणारा असला तरी." मला उद्देशून होतं का? असेल! १९९८च्या मेळाव्यात मी उभी राहून साक्ष दिली होती की प्रभूने माझं मन पूर्ण पवित्र केलं, तिथे आता प्रेमाशिवाय काही उरलं नाही. तेव्हा खरंच तसं वाटलं होतं, ढसाढसा रडले होते. पण त्या दिवसापासून माझी रागवायची सोय गेली. राग येतोच. त्याला 'मंडळीची काळजी' म्हणावं लागतं, इतकंच.

काशीनाथ विहिरीपाशी दिसला. गेलेच तरातरा.

"बाबांनी करून दिलेला बाप्तिस्मा तुला कमी पडला?"

खाली बघत राहिला. "माझं मन मानत नव्हतं, ताई. एवढंच."

"मन मानत नव्हतं! बाबांचा अपमान केलास तू!"

यावर विहिरीतून पोहरा ओढायला लागला. लहानपणापासून असाच, मारलं तरी बोलायचा नाही. निलमने — त्याच्या बायकोने — माझ्याकडे असं काही पाहिलं की बोलणारच आता. त्याने नको म्हणून मान हलवली. "चला हो," म्हणाली आणि गेली दोघं.

मंगळवार, २५ मार्च

काय लिहू!

सभेत पुरावा असावा म्हणून पाळकसाहेबांकडून बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर मागून आणलं. १९५८ ते ७४. वाळवी लागली होती, दोन वर्षांपूर्वी काशीनाथनेच इथे बाइंडरकडून नवा पुठ्ठा घालून आणलं होतं. आत सगळं बाबांचं अक्षर. बाबा सुवार्तिक, पाड्यापाड्यावर पायी फिरून शिकवायचे. बाप्तिस्मा द्यायचा अधिकार त्यांना नव्हता. तो अधिकार असलेले पाळक वर्षातून एकदा यायचे, एका दुपारपुरते.

१९६५ काढलं. काशीनाथचं जन्मवर्ष. हाल्या, बारकी, काकड्या... अकरा नावं. काशीनाथ नाही. बरं, पुढच्या वर्षी झाला असेल. नाही. त्याच्या पुढच्या? नाही. ७४पर्यंत नाही. पुढचं रजिस्टरही पिशवीत होतं, तेही चाळलं. नाही म्हणजे नाही.

मग कोण जाणे का, माझं जन्मवर्ष, १९६२ काढलं.

विजयमाला नाही. कुठल्याच वर्षी नाही.

बत्तीस वर्षं तळासरीकडे आरोग्य केंद्रात नर्स होते, प्रत्येक पोराची लसीची नोंद तपासायचे. स्वतःची ही नोंद कधी बघितली नाही.

बुधवार, २६ मार्च

डोकं दुखतं म्हणून वर्ग रद्द केला. खोटं. (संध्याकाळी खरंच दुखलं.)

शुक्रवार, २८ मार्च

एसटीने तळासरी, पुढे रिक्षाने उधवा. सुकीआजी तिकडे लेकीकडे असते. नव्वदीची असेल. बाबांच्या हाताखाली प्रभूची झालेली पहिली बाई, त्या काळातलं सांगणारी आता ती एकटीच.

आडवळणाने विचारायचं ठरवलं होतं. जमलं नाही. सरळच विचारलं, "आजी, माझा बाप्तिस्मा झाला होता का गं?"

हसायला लागली! तोंडात एक दात. "तुजा कुटं! तुजा बापूस म्हने, पाळकाला येळ नाय, पयले पाड्याची पोरां होऊं दे, माजी फुडल्या साली. फुडल्या साली परत त्याच. मंग तुमी मोटी झाली, नि बापूसच गेला."

म्हणजे लोकांची पोरं रांगेत पुढे केली आणि घरची दोघं तशीच राहिली. पुढे मला कुणी विचारलंच नाही. सुवार्तिकाची मुलगी, तिला काय विचारायचं! मीही धरून चालले. आजीने जाताना चवळी दिली. रिक्षात मांडीवर ती पिशवी घेऊन रडत बसले. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, कुणी गेलं का?"

सोमवार, ३१ मार्च

तीन दिवस एकच चाललंय डोक्यात. कुणाला कळणार आहे? रजिस्टर माझ्याकडे. सुकीआजी उधव्याला. ठराव वाचायचा, हात वर होतील, काशीनाथ बाहेर. मी जिथे आहे तिथे.

पण काशीनाथचा तो दुसरा बाप्तिस्मा नव्हताच! पहिलाच होता. माझा ठरावच खोटा. आणि हे सांगायचं तर लगेच पुढचा प्रश्न — विजाताई, मग तुमचं? प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच, आणि मी चाळीस वर्षं घेतेय. वर्ग चालवतेय. शिंपडलेला बाप्तिस्मा खरा म्हणून सगळ्यांशी भांडतेय आणि माझ्यावर थेंबसुद्धा पडलेला नाही!

लाज वाटते. नुसती लाज. प्रेमबीम काही नाही, काठोकाठ भरलंय ते भय. १९९८ची साक्ष परत घेता येत असती तर बरं झालं असतं.

शनिवार, ५ एप्रिल

सांगणार. पाळकसाहेबांनाही आधी सांगत नाही, नाहीतर ते मला वाचवायला बघतील.

रविवार, ६ एप्रिल

सुटले! सुटले! सुटले!

सभेत पाळकसाहेब म्हणाले, "विजाताई, ठराव." उभी राहिले. ठराव वाचलाच नाही. रजिस्टर उघडून म्हटलं, काशीनाथचं नाव यात नाही, त्याचा समुद्रातला बाप्तिस्मा पहिलाच, त्यामुळे माझा ठराव रद्द. पाणी प्यायले आणि उरलेलं सांगून टाकलं. माझंही नाव नाही. माझा बाप्तिस्मा झालेलाच नाही. वर्ग दुसऱ्या कुणाला द्या, प्रभुभोजनाला मी यायची नाही.

काशीनाथ ताडकन उभा राहिला, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा बसला. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, स्वतःचं ऐकून बसला असेल.

मग उमेश! दारात बूटही काढले नव्हते, जायच्याच तयारीत होता. तो म्हणतो, "म्हणजे काकांना आपल्या बाप्तिस्म्यात खोट दिसली नव्हती? त्यांचा झालाच नव्हता?" काशीनाथ हळूच म्हणाला, "मी तुमच्या बाप्तिस्म्याला कधी खोटं म्हटलं का रे?" खरंच की. एकदाही नाही. आम्हीच ते त्याच्या तोंडी घातलं.

वाद काही मिटला नाही. उमेशचं अजून तेच, बुडालं तर खरं. मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं, तांब्याभर पाण्यात प्रभूला अडचण काय आहे? पाळकसाहेब म्हणाले, "यावर तुम्ही मरेपर्यंत भांडा. पण एका छपराखाली भांडा." हसलेच सगळे. सहा घरं तूर्त कुठे जात नाहीत. उमेशने पेटी ओढली आणि बसला वाजवायला.

शेवटी प्रीतिभोजन केलं, खूप वर्षांनी. ते प्रभुभोजन नव्हे, त्यात कुणालाच मनाई नसते. नाचणीची भाकर मोडून एकमेकांना द्यायची आणि एकाच लोट्यातलं पाणी सगळ्यांनी प्यायचं. लोटा माझ्या हातात काशीनाथने दिला.

बुधवार, ९ एप्रिल

वर्ग कुणी काढून घेतला नाही. "बाप्तिस्मा होईपर्यंत चालवा आणि झाल्यावरही चालवा," इति पाळकसाहेब.

काशीनाथ आला! चिकू आणले, अर्धे कच्चे. मी सगळ्यांना विचारून झाल्यावर म्हणतो, "ताई, तुझ्या आत्म्याचं कसं चाललंय?"

अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी विचारलं. म्हटलं, "बरंय रे. हलकं वाटतंय."

रविवार, १३ एप्रिल

माझ्या बाप्तिस्म्यावर आता अख्ख्या मंडळीचं मत! उमेशला मला समुद्रात न्यायचंय. म्हटलं, माझे गुडघे बघितलेस का? लाट आली तर थेट गुजरातेत निघेन. नियमाला दोन्ही चालतं. मी तांब्याच म्हणाले. तांब्या काशीनाथने धरायचा, ही माझी अट. कबूल झाला. उमेशही येणार आहे, तोंड वाकडं करून का होईना.

रविवार, २० एप्रिल, ईस्टर

झाला. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. पाणी कानात गेलं. सुकीआजीला उधव्याहून गाडी करून आणलं होतं, ती मोठ्याने म्हणाली, "फुडला साल आला एकदाचा!"

सोमवार, २१ एप्रिल

रजिस्टर परत करायला कैनाडला गेले. काशीनाथ वाडीत होता. निलमने चहा ठेवला आणि न राहवून म्हणाली, "ताई, आता तुमचं झालं म्हणून सांगते. हे रजिस्टर बांधून आणलं ना, त्या दिवशी हे जेवले नाहीत. म्हणाले, माझंही नाव नाही, ताईचंही नाही."

तशीच वाडीत गेले. "तुला माहीत होतं? मग त्याच वेळी सांगितलं का नाहीस? सव्वा वर्ष बोलणी खाल्लीस माझी!"

चिकूच्या झाडाकडे बघत म्हणाला, "माझं सांगून इथेच बाप्तिस्मा मागितला असता तर लोकांनी लगेच तुझं पान उघडलं असतं, ताई. म्हटलं, तुझी लाज राहू दे. आपलं काय, चालतं."

आणि मी ह्याला म्हणाले होते, बाबांचा अपमान केलास.