टेबलावरचा डबा

मंगळवार, संध्याकाळ. अंबड.

आजही बरोबर एक वाजता डबा खाल्ला. खोलीचं दार लावून.

नोकरी गेली त्याला बारा दिवस झाले. पुण्याच्या कंपनीचं काम चार वर्षं मी या खोलीतूनच करत होतो, आणि अण्णांना ते कधी काम वाटलंच नाही. त्यांनी जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यात एकाच मालकाकडे जन्म काढला. "कामाला जाणारा माणूस डबा घेऊन जातो," म्हणायचे. म्हणून स्वयंपाकघर दहा पावलांवर असूनही आई रोज डबा भरून माझ्या टेबलावर ठेवते. आधी हसू यायचं. आता घास उतरत नाही. तरी संपवतो. भरलेला डबा परत गेला तर आई विचारील.

सांगू कसं? अण्णा म्हणतील, मालकाला जाऊन भेट. कोणत्या मालकाला? मी त्याचं तोंडही पाहिलेलं नाही. पस्तिशी उलटली, ही पाचवी कंपनी, आणि काढलं ते एका मेलवर. हे त्यांना समजवायचं तरी कुठून?

दुपारी शेजारचे काका मोठ्याने हाका मारत आले. मी बंद लॅपटॉपसमोर बसलेलो. बाहेरून अण्णांचा दबका आवाज आला, "जरा हळू बोला. पोरगं ड्युटीवर हाय."

ड्युटी. चार वर्षांत पहिल्यांदा म्हणाले.

आत्ता आई रिकामा डबा न्यायला आली. "उद्या काय देऊ रे डब्याला?"

"मेथी दे," म्हणालो.