ह्या गाठीवर मला सोडशील?

प्रिय अण्णा,

रविवारी आपला सिधू कड्यावरून पडला.

थांबा, घाबरू नका. तो सुखरूप आहे हे आधी लिहायला हवं होतं. आत्ता पडवीत बसून तो आईनं दिलेले तांदूळ निवडतोय आणि शीळ घालतोय. गुडघा तेवढा सोलवटलाय. दोर मी धरला होता.

तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. फोटोपुढे मेणबत्ती लावते, दोन शब्द बोलते, शाळेची वेळ झाली की निघते. पण ही गोष्ट फोटोपुढे उभ्या उभ्या सांगण्यासारखी नाही. तुम्ही मध्येच विचारणार, "गाठ कुठली मारली होतीस?" म्हणून नीट बसून, पहिल्यापासून लिहिते.

सिधूच्या गिर्यारोहण क्लबातली मुलं मला नेहमी विचारतात, "तुमचे वडील कड्यावर चढायचे ना?" मी म्हणते, चढायचे नाहीत, उतरायचे. पावसाळ्याआधी घाटातल्या रेल्वेच्या लाइनीवर सुटलेले धोंडे येऊ नयेत, म्हणून दरडवाल्यांची टोळी वरून दोरावर खाली उतरायची आणि पहारीनं ते धोंडे आधीच पाडायची. मुलं विचारतात, "हार्नेस कुठला होता?" काय सांगू त्यांना? कमरेला घडी घातलेलं गोणपाट, त्यावर घायपाताचा मनगटाएवढा दोर. डोक्याला चिंध्या भरून बांधलेला टॉवेल. पाय अनवाणी, कारण चपलेला दगड कळत नाही असं तुम्ही म्हणायचात. तो दोर भिजला की लाकडासारखा ताठ व्हायचा आणि आपलं अख्खं घर घायपाताच्या वासानं भरून जायचं. आंघोळीच्या वेळी तुमच्या कमरेवरचा काळा पट्टा दिसायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडलांना तो असतो.

आणि दोर धरायला मामा. दोर बायकोच्या भावानंच धरायचा, ही तुमच्या टोळीची रीत! मामा त्यासाठी कुंभिवलीहून आपल्याकडे राहायला यायचे. मुलांना हे सांगितलं की ती हसतात. पण मामांचं म्हणणं किती सरळ होतं! "दाजी, तुमी पडलात तर माजी भैन दोन पोरं घेऊन माज्याच दारात येल. त्यांना खायला मी कुठून घालू? म्हनून धरतोय. तुमच्यावर माया हाय म्हनून नाय."

तुम्ही म्हणायचात, "माया नसू दे. वजन हाय ना? तेवढं बास."

कारण धरणारा उतरणाऱ्यापेक्षा जड हवा, हा दुसरा नियम. म्हणून त्या दिवसांत आई सगळ्यांच्या आधी मामांना वाढायची आणि शेवटी एक भाकरी जास्त टाकायची. स्वतः मात्र तुम्ही परत येईपर्यंत काही खायची नाही. तिला कुणी उपास सांगितला नव्हता. घास उतरायचाच नाही.

मला तुम्ही शाळेच्या आधी गाठी शिकवल्यात. पडवीच्या खांबाला सुतळी बांधायची, डोळे मिटायचे आणि बोटांनी ओळखायचं. अक्षरंही तिथंच शिकले, खांबाजवळच्या जमिनीवर कोळशानं. पण अक्षर चुकलं तर तुम्ही पुसून नीट काढून द्यायचात. गाठ चुकली तर हात लावायचा नाहीत. नुसतं विचारायचात, "ह्या गाठीवर मला सोडशील?"

अण्णा, एवढ्याशा पोरीला असं विचारतात का हो? तुम्ही हसत विचारायचात, पण माझ्या डोळ्यांपुढे कडा यायचा आणि मी ती गाठ सोडून परत मारायचे. सोडायची, मारायची. बोटं लाल व्हायची. अजूनही रात्री दाराची कडी लावली की मी परत उठून बघते. शाळेतल्या मुलांचे पेपर तपासले की बेरीज पुन्हा करते. आई म्हणते, "पोरगी बापावर गेली." मी मनात म्हणते, बापावर नाही, बापाच्या प्रश्नावर.

आणि इतकं शिकवून मला कड्यावर एकदाही नेलं नाहीत! का तर पोरगी वजनानं हलकी. मग शिकवलंत कशाला?

असो. सिधू कॉलेजात गेला, तिथं त्याला हा क्लब भेटला. ही मंडळी दर रविवारी आपल्याच गावामागच्या कड्यावर येतात. हो, तोच, ज्यावर तुम्ही दरवर्षी नवा दोर चालवून बघायचात. सिधू नुसता बघून परत येतो, असं आईला वाटत होतं. एक दिवस तो सदरा बदलताना तिला त्याच्या कमरेवर वळ दिसला. तिनं संध्याकाळी चूल पेटवली नाही. मग म्हणाली, "जायचं तर जा. पण दोर घरच्यानं धरायचा."

"मामा धरतील," सिधू म्हणाला.

"मामाचा खांदा गेलाय."

"मग ताई धरेल."

दोघं माझ्याकडे बघायला लागली. मला नाही म्हणायचं होतं. सिधू माझ्यापेक्षा उंच, चांगला भरलेला. पण मी नाही म्हटलं असतं तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी दोरावर गेला असता, आणि मी घरात बसून कड्या तपासत राहिले असते.

मग मी काय केलं सांगू? तुमच्या नियमानं गेले. खायला लागले! सकाळी भाकरी, शाळेतून आले की भाकरी, रात्री मामांच्या मापानं. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "पोरीचं कुठं जमलं काय? अंगावर तेज आलंय." तरी माझं वजन काही सिधूएवढं होईना. म्हणून सरावाच्या पहिल्या दिवशी मी गोणपाटाची पिशवी शिवली, तिच्यात नदीतले गोटे भरले आणि कमरेला बांधून कड्याखाली जाऊन उभी राहिले.

क्लबच्या प्रमुख रेखाताई. मुंबईच्या, माझ्याहूनही बारीक. त्यांनी पिशवीला हात लावून पाहिला. "हे काय गं?"

"वजन."

"कशाचं?"

"माझं कमी पडतं ना, तेवढं."

त्या हसत सुटल्या, अक्षरशः खाली बसल्या. मला रडू यायच्या बेतात होतं. ते बघून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "असं कुणी शिकवलं?" मी तुमचं सांगितलं, मामांचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "त्यांच्या दोराला वजनच लागत होतं, बाई. आपण वजन झाडाचं घेऊ." त्यांनी मला खाटेच्या नवारीसारख्या पट्ट्यांचा शिवलेला हार्नेस घातला आणि त्याला मागून एक पट्टा लावून कड्याखालच्या उंबराच्या बुंध्याला बांधलं. आता सिधू पडला तर मला नाही, उंबराला ओढणार! दोरही नुसता हातात धरायचा नाही. कॅराबिनर म्हणजे उघडमिट करणारी एक धातूची कडी, तिच्यात दोराला एक वेढा द्यायचा. झटका आला की वेढा आवळतो, हातावर ताण थोडाच येतो.

इतकं सोपं? मला राग आला, अण्णा. दोराच्या झटक्यांनी गेलेला मामांचा खांदा आठवला.

दोराशी तर माझं महिनाभर पटलं नाही. नायलॉनचा, करंगळीपेक्षा थोडा जाड, रंगीत. आणि ओढला की लांबतो! तुम्ही नवा दोर भिजवून दोन आंब्यांच्या मध्ये बांधायचात, त्याला दगड लटकवायचात, सगळा ताण निघाल्याशिवाय वापरायचा नाहीत. मी रेखाताईंना म्हटलं, ह्याचाही ताण काढून आणते, आमच्याकडे आंबे आहेत. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "नको नको! ताण आहे म्हणून तर पडणाऱ्याच्या बरगड्या शाबूत राहतात. झटका दोर खातो." तेव्हा मला तुमची कंबर आठवली. घायपाताच्या दोरानं झटका कधी खाल्ला नाही. तो सगळा तुम्ही खाल्लात, नाही का?

बाकीचं सामान तुम्हाला दाखवायला हवं होतं. आधीची क्लबवाली मंडळी खडकात लोखंडी मेखा ठोकत. त्यांच्या खुणा अजून दिसतात. आता रेखाताई यंत्राचे जुने नट दोरीत ओवून नेतात, कपारीत बरोबर बसेल असा एक निवडून अडकवतात, त्याला कडीनं दोर लावतात म्हणजे पडणारा तिथंच लोंबकळतो, काम झालं की काढून घेतात. तुम्ही ते नट हातात घेऊन तासभर बसला असतात.

एका बाबतीत मात्र मी अडले. तुम्ही मामांना सांगितलं होतं, धरणाऱ्यानं माणसाकडं बघायचं नाय, दोराकडं बघायचं. आणि रेखाताई सांगतात, नजर वर, चढणाऱ्यावर. कुणाचं ऐकू? शेवटी मामांनाच विचारलं. ते म्हणाले, "अगं, मी वर बसायचो, दाजी कड्याच्या पोटात. मला दिसायचेच नाय, तं बगनार काय? तुला दिसतोय ना? मग बग की, येडे!"

म्हणून रविवारी मी बघत होते. सिधू पुढे चढत होता, दोर खालून माझ्याकडे. क्लबवाले इंग्रजीत ओरडतात, पण आम्ही दोघं तुमचेच शब्द वापरतो. सोड, आवळ, थांब. मामा बांधावर बसून विडी ओढत होते. कड्याच्या मध्यावर तुमचा तो दगडी ओटा आहे ना, त्याच्या जरा खाली सिधूचा हात सुटला. त्यानं "आवळ" म्हणायच्या आधीच मला दिसलं. बोटं सुटली, मग पाय, मग अख्खा सिधू आकाशावर. मी बघितलं, अण्णा. डोळे मिटले नाहीत.

झटका आला आणि माझे पाय जमिनीवरून उचलले गेले. मागून उंबरानं धरलं. कडीत दोर आवळला. वर सिधू गोल गोल फिरत लोंबकळत होता.

 मग मामा ओरडले, "जिता हायस का रं?"

"हाय मामा!"

"मग खाली बगून हसू नको. भैनीचा चेहरा बग आधी!"

मला वाटलं होतं, असं कधी झालं तर मी थरथर कापेन. उलट हात इतके शांत होते! इतकी वर्षं ज्या गोष्टीला भ्याले, ती होऊन गेली होती, आणि गाठ होती तशीच होती.

सिधू तेवढ्यावर थांबतोय कुठला? दम खाऊन परत चढला आणि ओट्यावर जाऊन बसला. मग एकदम ओरडला, "ताई! गाडी दिसते इथून! बोगद्यातून निघाली नि दुसऱ्यात गेली!"

मामांची विडी हातातच राहिली. आठवतं ना? तुम्ही त्यांना नेहमी सांगायचात, त्या ओट्यावरून घाटातली गाडी दिसते, सुईत दोरा ओवावा तशी ह्या बोगद्यातून त्या बोगद्यात जाते. आणि मामा म्हणायचे, दाजी थापा मारतात. ते मला म्हणाले, "खरंच दिसते?" मी म्हटलं, सिधू कशाला खोटं बोलेल? बराच वेळ ते वर बघत राहिले. मग म्हणाले, "सगळी उमर त्या कड्याच्या डोक्यावर बसलो गं. खाली काय हाय ते कधी बगितलं नाय. मला धरनार कोन? माज्याएवढा जड टोळीत कोन नव्हता."

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. तुमच्या तरी आलं होतं का?

घरी जाताना सिधू म्हणाला, आईला पडल्याचं सांगू नकोस. मला तो विचारच सहन होईना. दारातच सांगून टाकलं, "आई, सिधू पडला."

आईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुणी धरला?"

"मी."

"मग हातपाय धुवा. वाढते."

तिनं पहिलं ताट माझं वाढलं आणि शेवटी माझ्या ताटात एक भाकरी जास्त टाकली. मी म्हटलं, "आई, आता वजन नाही लागत गं, झाडाला बांधतात." ती म्हणाली, "गप खा." मग स्वतःचंही ताट घेतलं, आमच्याबरोबर. आणि अण्णा, त्या रात्री मी कडी एकदाच लावली. परत उठले नाही.

तेव्हा आता माझा शब्द घ्या. पाऊस संपून कडा वाळला की मी मामांना त्या ओट्यावर उतरवणार. रेखाताईंना विचारून ठेवलंय. त्या म्हणाल्या, वरच्या बाजूला दोन झाडं आहेत, दोन्हींना बांधू. मामांना हार्नेस पुरत नाही, म्हणून आई पट्टा वाढवून शिवतेय. मामा वरवर म्हणतात, "म्हाताऱ्याला कशाला मारता?" पण काल त्यांनी हळूच विचारलं, गाडी कुठल्या वेळची बरी दिसेल.

त्यांची गाठ मी बांधणार. डोळे मिटून बोटांनी एकदा बघेन, उघडून एकदा बघेन, आणि मग थांबेन. तेव्हा तुम्ही मला विचारालच. विचारा.

हो अण्णा. ह्या गाठीवर सोडीन.

तुमची,
विशाखा