सुरेखाच्या मापाची शिडी

१६ नोव्हेंबर, रविवार

गरुड आला. गरुड म्हणजे आपला कॅम्पर ट्रेलर. नाव मीच ठेवलं. भिवंडीला बनवून घेतला, आज अंगणात लागला. सगळं गाव बघायला आलं. म्हणजे सातजण आले, पण वेळ दुपारची होती.

आत ओटा, सिंक, दिवे, मागे डबलबेड. बेड जमिनीपासून चार फूट उंच. ही माझी खास आयडिया. खालच्या जागेत खुर्च्या, टेबल, कूलर, स्पीकर. वर छत अडीच फुटांवर. बसता येत नाही, पण बेड हा झोपण्यासाठी असतो.

एकतीस वर्षं मुरबाडहून एसटीने कल्याण आणि पुढे ठाण्याचं ऑफिस केलं. सुरेखाला म्हणायचो, रिटायर होऊ दे, मग तुला सगळा महाराष्ट्र दाखवतो. जूनमध्ये रिटायर झालो, नोव्हेंबरमध्ये ट्रेलर दारात. शब्द म्हणजे शब्द.

सुरेखाने आत डोकावून एवढंच विचारलं की यावर चढायचं कसं. तिचे गुडघे दुखतात. म्हटलं, शिडी लावू, बारीकसारीक गोष्ट आहे.

निश्चय: आठवड्याभरात शिडी. १३ डिसेंबरला माळशेज, पहिला मुक्काम.

१८ नोव्हेंबर

शिडीवरचे अकरा व्हिडिओ पाहिले. विषय वाटतो तितका सोपा नाही. कोन, पायरीची रुंदी, हुक, ग्रिप. वहीत तक्ता आखला, तीन रंगांत. परदेशात म्हणे कुत्र्यांना बेडवर चढायला वेगळ्या पायऱ्या मिळतात. सुरेखाला सांगितलं. ती म्हणाली, तिकडे कुत्र्याला विचारून बेड करत असतील.

तिला टेक्निकल विषयात रस नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

मुरबाडच्या देवजी वेल्डरने लोखंडी शिडी करून दिली. करण्याआधी तो विचारत होता, वापरणार कोण. म्हटलं, ते तुला काय करायचंय, ड्रॉइंगप्रमाणे कर. त्याने केली. वजन अठरा किलो. दोघांनी उचलून आत नेली. लावली तर ट्रेलरचं दार बंद होत नाही, पण माळशेजला हवा चांगली असते.

मी चढून दाखवलं. पाइप गोल असल्याने तळव्याला लागतं, त्यामुळे ॲक्युप्रेशरही होतं. सुरेखा पहिल्या पायरीवर चढली, क्षणभर उभी राहिली आणि उतरली. म्हणाली, गुडघा वळतो तेवढाच वळणार.

शिडी सध्या शेवग्याला टेकवली आहे. शेंगा काढायला उत्तम. चूक देवजीची.

२९ नोव्हेंबर

ऑनलाइन मागवलेली ॲल्युमिनियमची शिडी आली. नळीत नळी जाते, बंद केली की बॅगेएवढी. बंद करताना डाव्या हाताची दोन बोटं आत राहिली. सुरेखाने हळद लावली. लावताना ती त्या शिडीकडे बघत होती, हे मला बोटांपेक्षा जास्त लागलं.

अर्धी उघडली तर लॉक बसत नाही. पूर्ण उघडली तर छताच्या वर जाते. वस्तू वाईट नाही. ट्रेलर लहान पडतो.

२ डिसेंबर

सुरेखाची सूचना: बेडचे पाय दोन फूट कापा, शिडीच नको. मी तिला शांतपणे समजावलं की मग स्पीकर कुठे ठेवायचा. ती म्हणाली, स्पीकर वर ठेवा, मी खाली झोपते.

मी हसलो. ती विनोद करत नव्हती असं नंतर वाटलं.

७ डिसेंबर, रविवार

सुरेखा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, शनिवारी सकाळी नऊपर्यंत कुणाचा हात न धरता मला त्या बेडवर चढता आलं तर मी येते. नाहीतर डोळखांबला ठकूकडे जाते. (ठकू तिची धाकटी बहीण.) आणि मग पुन्हा कुठे नेण्याची गोष्ट माझ्यापुढे काढायची नाही. थांबून थांबून माझे गुडघे गेले, आता थांबायचं वय राहिलं नाही.

एवढं सगळं ती साध्या आवाजात बोलली. वाईट वाटलं. पण डेडलाइन असली की माझं काम नेहमी उत्तम होतं. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

१० डिसेंबर

बाहेरच्या कारागिरांवर अवलंबून राहणं बंद. स्वतः प्लायवूडच्या दोन पायऱ्या बनवल्या. टेस्ट यशस्वी. फक्त दुसऱ्या पायरीवर पाय ठेवायचा नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी ४

दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला. कंबर शेकून झाली. प्लाय बनावट होता.

संध्याकाळी ६.३०

सुटला प्रश्न. बांबू. हलका, मजबूत, पर्यावरणाला अनुकूल. इतके दिवस सुचलं नाही कारण मी जागतिक पातळीवर विचार करत होतो.

डोळखांबच्या कोंडूला फोन लावला. सुरेखाच्या माहेरचा माणूस, मांडव म्हणा, कुंपण म्हणा, बांबूचं काहीही त्याच्याकडे. तिकडे रेंजची बोंब, अर्धं ऐकू येतं. म्हटलं, कोंडू, सुरेखासाठी बांबूची करायची आहे, उद्या सकाळी नऊला न्यायचंय तिला. मग त्याने विचारलं, असं अचानक कसं. म्हटलं, अचानक कसलं, महिनाभर चाललंय, गुडघ्यांनी घात केला, डॉक्टरांनीही हात टेकले. त्याने विचारलं, आता कुठाय. म्हटलं, आत आडवी झाली आहे, शांत आहे. मुलगा पुण्याहून पोचतो का, म्हणाला. म्हटलं, अनिकेतला कळवलेलंच नाही, त्याच्यासाठी थांबायचं नाही.

इतकी आपुलकीची चौकशी आजकाल कोण करतो.

माप विचारलं. साडेपाच फूट हवी होती, आणि सुरेखा पाच फूट दोन इंच. लक्षात राहायला सोपं जावं म्हणून सांगितलं, तिच्या मापाची कर, थोडी मोठी, वजन बासष्ट किलो पेलली पाहिजे. म्हणाला, तुमी काळजी नका करू दाजी, आमी चौघं येतो. घरून बांधून आणत नाय, दारातच बांधायची असते. म्हणजे ऑन-साइट असेंब्ली. देवजीने शिकावं.

पैशांचं विचारलं तर जवळजवळ रागावला. या कामाचे पैसे घेत नाय, म्हणाला. आणि साडीसुद्धा तुमी घेऊ नका, साडी माहेराकडूनच असते. शिडीवर साडी फुकट. जावयाच्या धाडसाबद्दल सासुरवाडीला असलेला आदर आज कळला.

सुरेखाला काही सांगितलं नाही. सरप्राइज. दोघांचे मोबाइल बंद करून ठेवले, उद्यापासून निसर्ग.

१३ डिसेंबर, शनिवार. सकाळी ७.४५

कोंडू सहालाच आला. बरोबर तिघं, दोन लांब हिरवे बांबू, सुंभ, कामट्या. एक कोरं मडकंही आणलं आहे. प्रवासात गार पाण्याला. किती बारकाईने विचार करतात ही माणसं.

अंगणात पन्नासएक लोक जमले आहेत. कुणी मोठ्याने बोलत नाही. गावात इतका शिस्तीचा निरोप समारंभ मी पाहिलेला नाही. धाकलूआजोबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि धीर धरायला सांगितलं. म्हटलं, धीर आहेच, नऊपर्यंत. शेजारच्या नाम्याच्या आईने विचारलं, न्हाणाचं पाणी ठेवलंय ना. म्हटलं, मागच्या चुलीवर तापतंय. तिने डोळ्यांना पदर लावला. बायका आत जायला निघाल्या, तर म्हटलं, आत्ता कुणी नको, नऊला बाहेर आणतोच.

सुरेखा मागे न्हाणीत आहे. तिला केस धुवायचे आहेत. तिला उशीर लागतो.

एकच तक्रार. कामट्या फारच जवळजवळ बांधताहेत. नऊ इंचांचं अंतर हवं, असं कोंडूला सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. चढून टेस्ट घ्यावी लागेल.

दुपारी १२

जे झालं ते क्रमाने लिहितो. त्यात माझी चूक किती, हे नंतर ठरवता येईल.

शिडी बांधून झाली. मी ती उचलली, गरुडाला टेकवली आणि चढायला लागलो. अंगणातून एकदम आवाज उठला. तिसऱ्या कामटीवर होतो, तेवढ्यात चौघांनी मला कमरेला धरून खाली ओढलं. धाकलूआजोबा म्हणाले, मारू नका रे, दुःखानं फिरलंय त्याचं.

मी विचारलं, कसलं दुःख. त्यावर दोन बायका रडायलाच लागल्या.

इतक्यात रस्त्यावर जीप थांबली. डोळखांबची भाड्याची जीप, आत अकरा बायका. ठकू उतरली ती छाती बडवतच. हातात कोरी हिरवी साडी. फाटकापासून सुरू झाली:

"सुरेखा गो, मुरबाडाच्या पलीकडं तू काय बघितलं नायस गो. तीस वर्षं ह्याचा डबा भरलास, आन् ह्यानं तुला एक दिवस कुठं नेली नाय. आज नेतो, तर चौघांच्या खांद्यावरून नेतो गो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती शिडी नव्हती. दोन बांबू, आडव्या कामट्या, सुंभ, मडकं, माहेरची साडी. गावातल्या लहान पोराला कळलं असतं. मला दिसलं नाही, कारण मी डिझाइनच्या अंगाने बघत होतो.

सुरेखा न्हाणीतून कधी आली होती कोण जाणे. केस ओले, खांद्यावर पंचा. गर्दीच्या मागे उभी राहून ती स्वतःवरचं सगळं रडणं ऐकत होती. मध्ये पडली नाही. ठकूने तिचं आयुष्य पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. फार वेळ लागला नाही. सांगण्यासारख्या जागा फारशा निघाल्या नाहीत.

मग ठकूची नजर तिच्यावर गेली. किंचाळणं, पळापळ, एक बाई जागच्या जागी बसली. कोंडूने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते लिहीत नाही. सगळ्यांना समजावून सांगितलं की ही कॅम्पिंगची ॲक्सेसरी आहे. कुणी हसलं नाही. नंतर हसले, पण ते मला.

सुरेखा हसली नाही आणि रडली नाही. ठकूला विचारलं, जीप कुठवर ठरवली आहेस. ठकू म्हणाली, दिवसभराची, पुढं सांगू तसं. सुरेखाने तिच्या हातातली साडी घेतली. ठकू म्हणत होती, ही नको नेसू गो, अपशकुन होईल.

"माझ्यासाठीच आणलीस ना?" सुरेखा म्हणाली आणि आत गेली.

साडी नेसून, बॅग घेऊन बाहेर आली. बॅग मीच भरायला लावली होती, हे नोंदवून ठेवतो. मी म्हटलं, अगं, नऊला अजून पाच मिनिटं आहेत, ही टेकवून बघ तरी. ती जीपच्या पायरीवर पाय ठेवून, हँडल धरून, एका दमात चढली. आतून बारा बायकांचा आवाज आला. जीप माळशेजच्या रस्त्याला लागली.

कोंडूने दोन्ही बांबू सोडले आणि घेऊन गेला. अशी वस्तू दारात ठेवत नाहीत म्हणे.

ट्रिप ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ठरल्या दिशेने निघाली. म्हणजे प्लॅनिंग बरोबर होतं.

१४ डिसेंबर, रविवार

फोन नाही. चहाची पावडर कुठल्या डब्यात असते हे सापडलं नाही. गावात तीनजणांनी विचारलं, बायको आली का परत. कुठून परत, ते कुणी विचारत नाही.

संध्याकाळी नाम्याच्या आईने डाळ-भात आणून दिला. म्हणाली, मयताच्या घरी चूल पेटवत नाय, म्हणून कालच करून ठेवला होता. शिळा होता, पण चांगला होता.

निश्चय: बेडचे पाय कापायचे. देवजीला उद्या बोलवायचं.

१५ डिसेंबर, सोमवार. सकाळी १०

देवजी बिझी आहे.

दुपारी २

सुरेखाचा फोन आला. माळशेज, लेण्याद्री, ओझर झालं. रात्री धर्मशाळेच्या हॉलमध्ये सगळ्या जमिनीवर एका ओळीत झोपल्या. म्हणाली, लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या वर आहेत, बसत बसत चढले. मी म्हटलं, गुडघे. ती म्हणाली, दुखतात. पण पायऱ्या दगडाच्या आणि रुंद आहेत.

पायरीची रुंदी माझ्या तक्त्यात होतीच, हे मी तिला सांगितलं. देवजीबद्दलही सांगितलं. बेड खाली येतोय, स्पीकर काढून टाकला, तू ये. विचारलं, कधी येतेस. म्हणाली, ठरलं नाही, ठकूकडे राहीन थोडे दिवस.

मग म्हणाली की परवा अंगणात सगळं गाव रडत होतं, तुम्ही तेवढे रडत नव्हता. मी बघत होते.

अगदीच गैरसमज. मी म्हटलं, अगं, मी कशाला रडू, तू जिवंत आहेस हे मला माहीत होतं.

"हो?" ती म्हणाली. "कधीपासून?"

फोन कट झाला. तिकडे रेंज नसते.