अमर होण्याचं टाइमटेबल

४ फेब्रुवारी
काल माझा नामदिवस. संत स्तमातिओसचा सण, म्हणून माझाही. अर्धं गाव येऊन गेलं. बायकोने, आर्गिरोने, केलेल्या बदामाच्या वड्या संपवल्या आणि जाताना प्रत्येकाने तेच म्हटलं: स्तमातिस, शंभरी गाठ.

दरवर्षी मी हसून मान डोलावतो. काल खटकलं. मी शहात्तरचा आहे. म्हणजे हे लोक मला चोवीस वर्षं देऊन मोकळे. कोणी अधिकार दिला यांना?

ठरलं. मरायचं नाही.

गंमत म्हणून लिहीत नाहीये. आमच्या बेटावर माणसं तशीही नव्वदीच्या आधी हलत नाहीत, आणि तीही काही न करता, दारू पिऊन, दिवसभर पत्ते खेळून. मग एखाद्याने मनावर घेतलं तर तो का थांबेल? बंदरावर जन्मभर बोटींची तिकिटं विकली, एक दिवस उशीर नाही. शिस्त आपल्या रक्तात आहे.

उद्यापासून सुरुवात.

६ फेब्रुवारी
काल वारा होता. आजपासून.

टाइमटेबल: सकाळी समुद्रात डुबकी. मग रानपाल्याचा काढा. मीठ बंद. मांस बंद. दुपारी झोप, जग बुडालं तरी मोडायची नाही. चिडचिड बंद.

आर्गिरोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता विचारलं, कायमचं म्हणजे किती? म्हटलं, कायमचं म्हणजे कायमचं. म्हणाली, मग त्याआधी बेडरूमच्या खिडकीची बिजागरी तेवढी बसव.

बायकांना मोठं काही दिसतच नाही. बिजागरीची आता कसली घाई?

९ फेब्रुवारी
डुबकी. अंगठ्यापर्यंत. अशा गोष्टी हळूहळूच वाढवायच्या असतात.

१३ फेब्रुवारी
सर्दी. अंगठ्यामुळे. आर्गिरोने कोंबडीचं सूप दिलं. सूप हे मांस नव्हे.

पडल्यापडल्या पुढचं प्लॅनिंग केलं. इटालियन शिकणे: एकशेदहाव्या वर्षी. व्हायोलिन: एकशेतीस. मागची बांधाची भिंत: एकशेपन्नासच्या सुमारास, तोवर ती नीट पडू तरी दे, मग एकदाच बांधू. एवढी वर्षं हाताशी आहेत म्हटल्यावर डोक्यावरचं ओझंच उतरतं. लोक काय जगतात, सारखी आपली धावपळ.

आर्गिरोला विचारलं, तूही येतेस का? म्हणजे, जगतेस का, माझ्याबरोबर, पुढे. ती माझा गंजीफ्रॉक पिळत होती. म्हणाली, 'नको रे. एकदा पुरे.'

थट्टा करत असणार. ती नसताना दोनशे-तीनशे वर्षं काढायची म्हणजे जेवणाचं काय, हा प्रश्न आहेच. नंतर बघू.

२ मार्च
वरच्याबद्दल लिहिणार नव्हतो. चिडचिड बंद आहे. पण आज प्रसंगच तसा.

वरचा म्हणजे माझा थोरला भाऊ, इसिदोरोस. आमच्या घराच्या वर, चढावर दगडी पायऱ्या आहेत, त्या संपतात तिथे राहतो. एकटा. बायको मागेच गेली, मुलं मेलबर्नला. चौऱ्याऐंशीचा. सकाळी उठून आधी सिगारेट, मग कॉफी, मग परत सिगारेट.

आम्ही बोलत नाही. आई गेल्यावर चाळिसाव्या दिवशी, रीतीप्रमाणे तिच्या नावाने सगळं गाव जेवायला बसलेलं असताना याने ग्लास वर धरून सांगितलं की आई म्हातारपणाने गेली नाही, स्तमातिसच्या भाषणांना कंटाळून गेली. सगळे हसले. पाद्रीसुद्धा. आईचं शेवटचं दुखणं मी काढलं होतं, याने नाही. त्या दिवसापासून बंद. माफी मागायला त्याने खाली यायचं आहे. पायऱ्या तिथेच आहेत.

तर आज अथेन्सहून एक डॉक्टरीण आली. थालिया नाव, तिशीतली, मोठी बॅग. बेटावरच्या म्हाताऱ्यांचा अभ्यास करतेय, इतकं कसं जगतात म्हणून. जुलैपर्यंत दवाखान्यात राहणार. मी टाइमटेबलची स्वच्छ प्रत काढून अंगणात तयार बसलो. आली, गोड हसली आणि विचारलं, काका, इसिदोरोसकाकांचं घर कुठलं?

पायऱ्या दाखवल्या. काय करणार.

३ मार्च
चिडचिड बंद.

११ मार्च
ती रोज वर जाते. हसण्याचे आवाज येतात. तो तिला आपली घरची वाइन पाजतो आणि ती ते लिहून घेते. याला सायन्स म्हणतात.

डुबकी: गुडघ्यापर्यंत. कोणीही बघत नव्हतं.

२८ मार्च
डॉक्टरीणबाई खाली आली एकदाची. पंधरा मिनिटं टाइमटेबल समजावून सांगितलं. लक्षपूर्वक ऐकलं तिने. मग म्हणाली, छान आहे, पण तुम्ही लोकांत बसता का, काका? गप्पा वगैरे? सांगितलं की गप्पांना वेळ नाही, आयुष्य वाढवायचं काम आहे.

ते तिने लिहून घेतलं.

ईस्टरचा दिवस
आर्गिरो सकाळी वर जाऊन आली, दरवर्षीसारखी. येताना झाकलेलं ताट. करडाचं मटण, चुलीत भाजलेलं, त्याच्या हातचं. म्हणाली, तुझ्यासाठी दिलंय. सांगितलं, तोंडाने म्हणाला असता तर गोष्ट वेगळी होती, ताटाला मी ओळखत नाही. शिवाय मांस बंद.

ती चर्चमधल्या बायकांकडे गेल्यावर ताट नुसतं उघडून पाहिलं.

हाडं मांजराने खाल्ली असं सांगितलं आहे. मीठ बरोबर पडलं होतं. आई घालायची तेवढंच.

७ मे
उकाडा सुरू. वरून खोकला ऐकू येतो. सिगारेट. मी कधीपासून सांगतोय. म्हणजे सांगितलं असतं.

आर्गिरो म्हणते तो वाळलाय, पॅंट दोरीने बांधतो. म्हणाली, एकदा वर जाऊन ये. मी शांतपणे मुद्दा मांडला: चूक त्याची, यायचं त्याने. मला घाई नाही. मी शंभर वर्षं थांबू शकतो, प्रॅक्टिकली. ती म्हणाली, 'तू थांबशील. तो कुठून थांबणार?'

उगाच घाबरवते. आमच्या घराण्यात नव्वदीच्या आत कोणी जात नाही. वडील सोडून. आणि ते बुडाले, म्हणजे ते धरायचं नाही.

१९ मे
आज दिवसभर खोकला नाही. बरा झाला. म्हटलंच होतं.

२० मे
डॉक्टरीण त्याला तिच्या खटारा गाडीतून फाट्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेली होती, म्हणून खोकला नव्हता. आज परत आलाय. खोकलाही आलाय.

१४ जून, संध्याकाळ
तो आला.

दुपारची झोप चालू होती. म्हणजे मी पलंगावर होतो, डोळे मिटलेले. काठी वाजली. पायऱ्यांवरून खाली, अंगणात. खिडकी नीट लागत नसल्यामुळे सगळं ऐकू येतं. आर्गिरोने खुर्ची सरकवली. तिने पाणी दिलं. बराच वेळ तो नुसता श्वास घेत होता. मग तिने सांगितलं की थांब, उठवते त्याला.

मी उठून बसलोही होतो. एक पाय जमिनीवर. पण टाइमटेबलमध्ये स्पष्ट आहे. आणि खरं सांगायचं तर असं पटकन उठून बाहेर येणं बरं दिसलं नसतं, जणू मी दाराशीच उभा होतो इतकी वर्षं. पाय वर घेतला. आर्गिरो दारात आली. मी हळू घोरलो.

बाहेर जाऊन तिने सांगितलं, झोपलाय. तो म्हणाला, 'झोपू दे. त्याला लांबचा पल्ला गाठायचाय.'

मग हसला. मग खोकला. मग गेला. पायऱ्या चढायला त्याला फार वेळ लागला. मी मोजत नव्हतो, पण दर दोन पायऱ्यांना काठी थांबत होती.

महत्त्वाचं म्हणजे: तो आधी आला. मी जिंकलो.

आर्गिरोने माझं ताट वाढलं आणि स्वतःचं घेऊन अंगणात गेली. तिला निकाल कळलेला दिसत नाही.

१५ जून
आता माझी पाळी. हे मी मोठ्या मनाने मान्य करतो. पण लगेच गेलो तर उतावीळ दिसेन. पुढच्या रविवारी जाईन. काय बोलायचं ते लिहून काढलं. तीन पानं झाली. त्याला भाषण वाटू नये म्हणून दोनावर आणली.

रविवार
उत्तरेचा वारा. पायऱ्यांवर असल्या वाऱ्यात शहाणा माणूस जात नाही.

सोमवार
गुडघा.

बुधवार
त्याने परत एकदा यायला काय हरकत आहे? यावेळी मी जागा असेन. आर्गिरोला तसं सुचवून पाहिलं. तिने हातातली कढई खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांपूर्वी तिचा बाप बोटीवरून पडला तेव्हा बातमी द्यायला मी गेलो होतो, तेव्हा तिने असं पाहिलं होतं.

उद्या जातो.

२६ जून
गेलो. सकाळी. पायऱ्या वाटल्या होत्या त्यापेक्षा कमी निघाल्या.

तो ओट्यावर आरामखुर्चीत होता, अंगावर ब्लँकेट, जूनमध्ये. झोपलेला. तोंड थोडं उघडं. आईसारखा दिसायला लागलाय, हे माहीत नव्हतं. आत डॉक्टरीण काहीतरी उकळत होती. मला पाहून बाहेर आली, म्हणाली उठवू का, खूश होतील. मी म्हटलं नको, झोपलेल्याला उठवू नये.

शेजारच्या स्टुलावर बसलो. तिथून आमचं अख्खं अंगण दिसतं. माझी खुर्ची, पाण्याची तोटी, मी सकाळी हात वर-खाली करतो ती जागा. सगळं दिसतं.

डॉक्टरीण हळू आवाजात बोलत होती. तिने म्हणे त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं की एकटं वाटत नाही का. तो म्हणाला होता, 'एकटा कुठे? खाली स्तमातिस आहे. सकाळी तो कोंबड्यांवर ओरडला की मी कॉफी ठेवतो.'

मी कोंबड्यांवर ओरडत नाही. त्यांना शिस्त लावतो.

ब्लँकेट एका बाजूने घसरलं होतं. नीट केलं. त्याचा हात गार होता. थोडा वेळ धरला. मग जेवायची वेळ झाली म्हणून निघालो. दोन पानं खिशातच राहिली.

एकंदरीत भेट चांगली झाली. बोलणं उद्या.

२७ जून
आर्गिरोने पहाटे उठवलं. वर दिवा होता.

मी म्हटलं, मला आज जायचंच होतं. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, नाही, खरंच, ठरलेलं होतं. ती म्हणाली, हो रे, माहीत आहे. आणि माझ्या शर्टाची बटणं लावून दिली. मला ती लावता येत नव्हती.

२९ जून
काल दादाला पोचवलं. मेलबर्नची मुलं पोचू शकली नाहीत, उन्हाळ्यात थांबता येत नाही. त्यामुळे चर्चच्या दारात मी एकटा उभा. आमच्याकडची रीत आहे, माणूस गेला की मागे राहिलेल्याचा हात हातात घ्यायचा आणि त्याला आयुष्य द्यायचं. अख्खं गाव रांगेत आलं. एकेकाने हात धरला. तुला आयुष्य लाभो, स्तमातिस. त्याची आठवण काढायला तू जग. पाद्रीने म्हटलं. कॉफीच्या दुकानवाल्याने म्हटलं. मी ज्याला कधी तिकीट उधार दिलं नाही त्यानेही म्हटलं. तू जग. तू जग. तू खूप जग.

मी प्रत्येकाला थँक यू म्हणत होतो.

जेवताना कोणीतरी म्हणालं, स्तमातिस, दोन शब्द बोल. मी उभा राहिलो. काही आठवेना. बसलो. कोणी हसलं नाही. हसायला हवं होतं.

४ जुलै
टाइमटेबल चालू. काढा घेतला. डुबकी, आज छातीपर्यंत. पाणी गार लागलं नाही.

११ जुलै
डॉक्टरीणबाई अथेन्सला परत चालली. जायच्या आधी आर्गिरोने मला जबरदस्तीने दवाखान्यात पाठवलं, खात नाही म्हणून. डॉक्टरीणबाईने सगळं तपासलं. बीपी, रक्त, छातीची ईसीजीची पट्टी. दोनदा पाहिली. मग खूश होऊन म्हणाली, 'काका, तुमचं हृदय पन्नाशीच्या माणसाचं आहे. काय करता ते चालू ठेवा.'

विचारलं, म्हणजे अजून किती?

तिला वाटलं मी घाबरलोय. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, भरपूर वेळ आहे तुमच्याकडे, काळजी करू नका.

घरी आलो. आर्गिरो बाजारात गेली होती. अंगणात खुर्चीवर बसलो. दहासुद्धा वाजले नव्हते. जेवायला अजून बराच वेळ होता.