ज्वारीवर ज्वारी

माय, मी सध्या लातूरला ताईकडं आहे आणि केक करतो. हस तू. चहाकडं बघ म्हणून सांगितलं की पातेलं करपेपर्यंत गल्लीत कुणाची तरी भांडणं बघत उभा राहणारा तुझा पोरगा आता पीठ चाळतो, मोजतो, घड्याळ लावून बसतो. तुला जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुला मनातल्या मनातसुद्धा काही कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही केलंच नाही. हैदराबादला हॉटेलात होतो, मग एका ट्रकवर, मग गोव्याकडं, मग एक हंगाम गुऱ्हाळावर. कुठंच वर्ष पुरं झालं नाही. आता लिहायला बसलो त्याचं कारण एकच. गेल्या रविवारी ताईनं मला तुझ्याबद्दल एक गोष्ट विचारली, मी खोटं सांगितलं, आणि त्या खोट्यामुळं ती स्वतःचं रक्त तपासायला गेली नाही. ते सगळं सांगायचंय. सरळ एका दमात सांगणं मला जमणार नाही, तुला माहीतच आहे. आडवळणं घेतली तर रागावू नकोस.

ताईची पोरगी आता सात वर्षांची होईल. तू तिला बघितलंच नाहीस. हनुवटी तुझी आणि जीभ ताईची. दोन वर्षं ती वाढतच नव्हती, पोट फुगलेलं आणि हातपाय काड्यांसारखे. जंत झाले म्हणून औषधं दिली, नजर लागली म्हणून शेजारणीनं मीठ-मिरच्या ओवाळल्या. शेवटी इथल्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं की पोरीला गहू सोसत नाही. जन्मभर गहू बंद, मैदा बंद, रवा बंद. आतडी बरी होईपर्यंत दूधही बंद. ताईनं मला फोन केला तेव्हा मी मडगावला होतो. म्हणाली, ‘तू नांदेडला बेकरीत होतास ना? मग ये. हिच्या वर्गात कुणाचा वाढदिवस असला की हिला एकटीला बाकावर बसवून ठेवतात.’ आठ दिवसांसाठी आलो. चार महिने झाले.

रविवारी विहारात वंदना झाली की पोरांना बिस्किटं वाटतात. आमची पोरगी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहते. कुणी आग्रह केला तर म्हणते, ‘मामा घरी करणार हाय.’ ती असं चारचौघांत सांगून टाकते आणि सुरुवातीला तर मला काहीच जमत नव्हतं. बेकरीत मैदा असायचा. मैदा म्हणजे गुणी जनावर, ओढाल तिकडं येतो. ज्वारीच्या पिठाला ओढच नाही. पहिला केक कुकरची शिटी काढून, तळाला मीठ पसरून भाजला, तर सुरी लावताच त्याचा भुगा झाला. पोरीनं एक घास तोंडात धरून ठेवला, गिळेना. मग म्हणाली, ‘मामा, ही पेंड हाय. बाबाच्या गावाकडं गायीला घाल.’ दाजी देवणीचे, ते हसून म्हणाले, ‘आमच्या गायी बी बघून खातात.’ दाजींना मात्र मानलं पाहिजे. चहाबरोबर खारी नसली की त्यांचा दिवस उगवत नाही, पण पोरीसमोर घरात गव्हाचं काही आणायचं नाही असं ठरलं आणि ते माझी पेंड मुकाट चहात बुडवून खातात. ताईही घरात पाळते. ऑफिसात कुणी डब्यातली पोळी पुढं केली तर खाते, तेवढंच.

आठ-दहा केक वाया गेल्यावर मला तुझे हात आठवले. भाकरीचं पीठ तू कधी थंड पाण्यात मळलं नाहीस. आधी आधण, मग त्यात थोडं पीठ वैरायचं, झाकून ठेवायचं, आणि मग तळहाताच्या टाचेनं एवढं रगडायचं की परात चुलीपर्यंत सरकत जायची. मी तसंच केलं. थोडी ज्वारी उकडून घेतली, बाकीचं पीठ कोरडं, निम्म्याला निम्मं तांदळाचं. अंड्याच्या जागी भिजवलेल्या जवसाचा चिकट बुळबुळीत लगदा. दुधाऐवजी शेंगदाणे वाटून गाळलेलं दूध. गूळ, तेल, सोडा, वरून लिंबू. केक फुगला, माय. मधोमध जरा बसला, पण कापल्यावर काप उभा राहिला. पोरीनं दोन तुकडे खाल्ले, तिसरा उशाला घेऊन निजायचं म्हणत होती. तिच्या वाढदिवसाला वर्गात हाच द्यायचा असं ताईनं तिथंच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पोरीचं पोट नगाऱ्यासारखं झालं. उलट्या. ताई माझ्याकडं बघत म्हणाली, ‘काय घातलंस?’ मी शपथ घेतली. मैद्याचा कण नाही, दुधाचा थेंब नाही. तिनं डबे उघडून बघितले, वास घेतला. मग विचारलं, ‘या वेळी पीठ तू आणलंस ना? कुठून?’ मी म्हणालो, गिरणीतून. ‘दळताना उभा होतास का?’

उभा नव्हतो. डबा ठेवला होता आणि समोर एका ट्रकच्या मागच्या फळीवर एक म्हातारा पेंटर मोर काढत होता, तो बघायला गेलो. काय हात होता त्याचा! पिसाऱ्यातला एकेक डोळा एका फटक्यात. परत आलो तेव्हा डबा भरून तयार होता. माझ्या आधीची बाई गहू दळून घेऊन गेली होती आणि माझी ज्वारी त्याच जात्यात, त्याच गव्हाच्या पिठावर पडली होती. आणि तेव्हा त्या स्वयंपाकघरात मला तुझा आवाज ऐकू आला, ‘ज्वारीवर ज्वारीच दळू दे बरं का.’

आपल्या गावातल्या, हिमायतनगरच्या गिरणीत तू दीड-दीड तास बसायचीस. सगळ्याच बाया नंबर बघून थांबायच्या, पण गव्हामागून नंबर आला तर पहिलं ओंजळभर पीठ बाजूला काढून बाकीचं घेऊन जायच्या. तू नाही. तू चार ज्वारीवाल्यांना पुढं जाऊ द्यायचीस आणि पाचवी तू. बाया म्हणायच्या, ‘हिचं पोट लई राजघराण्यातलं हाय गं.’ तू म्हणायचीस, ‘राजाचं न्हाई बाई, भिकारी हाय. भाकरीबिगर काही मागत न्हाई.’ मला पाठवायचीस तेव्हा दारापर्यंत येऊन तेच एक वाक्य सांगायचीस. मी डबा ठेवून स्टेशनाकडं पळायचो, मालगाडीचे डबे मोजायला. घरी येऊन सांगायचो, हो माय, ज्वारीवरच दळलं. तू रात्री त्याच पिठाची भाकर खायचीस. सकाळी पोट धरून बसलेली असायचीस आणि मला बोलवून म्हणायचीस, ‘पोरा, माझं पोट खोटं बोलत न्हाई. तू बोलतूस.’ मारलं नाहीस कधी. पुढच्या वेळी डबा स्वतः उचलायचीस. तो मला तुझा हट्टीपणा वाटायचा. सगळ्यांनाच वाटायचा. बाप असता तर त्यालाही वाटला असता.

मग दहावी राहिली आणि मी नांदेडला बेकरीत लागलो. तू खंगत चालली होतीस. बघायला येणारा प्रत्येक जण ब्रेडचा पुडा नाहीतर बिस्किटं घेऊन यायचा आणि एकच बोलायचा, आजारी माणसाला भाकर जड पडते, हलकं काहीतरी द्या. आपल्याकडं पाहुण्याला पोळी, आजाऱ्याला टोस्ट आणि भाकर रोजच्या माणसाला, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. माझ्या हातचा टोस्ट तर नांदेडात नाव काढत होता. बेकरीतले उस्ताद म्हणायचे, मी तुलाही सांगितलं होतं, ‘तेरे टोस्ट में आवाज है बेटा.’ दर शनिवारी मी पिशवी भरून तुझ्याकडं यायचो. तू ताटलीत काढून ठेवायचीस आणि भाकर थापायला बसायचीस, तेव्हा मला राग यायचा. मला वाटायचं, माझं आणलेलं हिला गोड लागत नाही.

एक शनिवार मी विसरलेलो नाही. मी न सांगता दुपारीच येतो. परसात शेजारणीच्या कोंबड्या आणि तू त्यांना टोस्ट कुस्करून घालतेस. तुला मी दिसतो. तू पदराला हात पुसतेस. मी ओरडतो, ‘चांगलं दिलेलं पचंना का तुला? भाकरच पायजे? लोक काय म्हणतील, पोरगा बेकरीत आणि माय कळणा-कोंडा खाती!’ तू म्हणतेस, ‘भाकरीनं बरं वाटतंय रे.’ मी आत जातो, ज्वारीचा डबा उचलतो आणि शेजारणीला देऊन टाकतो. मग दूध तापवतो, वाटीत टोस्ट बुडवतो, तुझ्यासमोर मांडी घालून बसतो. चार टोस्ट संपेपर्यंत उठत नाही. तू खातेस. शेवटचा कोरडाच चावतेस, माझ्याकडं बघतेस आणि म्हणतेस, ‘आवाज हाय खरंच.’ त्यानंतर वर्षभर घरात ज्वारी आली नाही. तू पोळी खाल्लीस, टोस्ट खाल्लास, दूध प्यायलीस. दवाखान्यात म्हणाले अंगात रक्तच नाही. का नाही ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण तोपर्यंत मी हैदराबादेत होतो.

इथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात की नऊ वर्षांपूर्वीचं आता कुणीच ठरवू शकत नाही. पण हे रक्तातून येतं, घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या, असंही म्हणाल्या. ताईच्या तोंडात सारखे फोड येतात. जिना चढली की ती भिंतीला धरून उभी राहते, तुझ्यासारखीच. तपासणीचा कागद हातात घेऊन तिनं रविवारी मला विचारलं, ‘शेवटी शेवटी माय काय खात होती रं? तू नांदेडात, माझ्यापेक्षा जवळ होतास. भाकर सोडली होती का तिनं?’ मी शेंगदाणे निवडत होतो. वर न बघता म्हणालो, ‘न्हाई. भाकरच खायची.’ ताईनं सुस्कारा टाकला. ‘मग तिचं दुखणं दुसरंच असंल. भाकर खाऊन बी ती तशीच वाळली ना.’ आणि तिनं कागद कपाटावर टाकला, इस्त्रीच्या कपड्यांखाली.

सोमवारपासून मी तो कागद बघून राहिलोय. रोज ठरवतो, आज सांगू. रोज काहीतरी निघतं. नळ गळतो, पोरीला सायकल शिकवायची असते, ज्वारी मिक्सरमध्ये थोडी थोडी दळून दोनदा चाळायची असते, आता गिरणी बंद केलीय मी. आज ताई बादली घेऊन जिना चढली आणि मधल्या पायरीवर बसली. बसूनच राहिली. मी बादली घेतली, तिच्या खालच्या पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. कोंबड्या, डबा, चार टोस्ट, सगळं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला घराबाहेर काढेल. दोन्हीला मी तयार होतो, बॅग भरायला मला वेळ लागत नाही.

ती बादलीतून पायरीवर सांडलेलं पाणी बोटानं पसरवत राहिली. मग म्हणाली, ‘तुझ्याबद्दल मला फोनवर सांगायची ती. पोरगं टोस्ट आणतंय, खाल्लं की पोटात आग पडती, काय करू. मीच म्हणले तिला, भाकर सोड, टोस्टच खा, अंगाला लागंल. दर फोनला म्हणले. रागावले बी एकदा.’ मग उठली. ‘उद्या जाऊ रक्त द्यायला. तू बी चल. तुझं बी बघून घेऊ.’ आणि आत जाऊन पोरीला ओरडली, की दप्तर खाटेवर का टाकलंय.

पोरीच्या वाढदिवसाला चार दिवस आहेत. वर्गात पस्तीस पोरं आहेत, म्हणजे तीन केक लागतील. हा तुला लिहिलेला कागद कुठं पाठवायचा नाही हे मला कळतं; ताईच्या हाती लागू नये म्हणून फाडूनही टाकीन. तिला वाचू द्यायचा नाही, कारण एक गोष्ट तिला सांगितलेली नाही, तुलाच सांगतो. तिनं ते पायरीवर बसून सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तिच्या पाठीवर हात ठेवायच्या आधी मला बरं वाटलं, माय. तुला खायला लावणारा मी एकटा नव्हतो, म्हणून बरं वाटलं.