आजारी मुलं, समुद्रकिनारी

८ जून, शनिवार
क्रेगनं मला न विचारताच ठरवून टाकलं. सोमवारी निघायचं, आठवडाभर. समुद्रकाठच्या सीहाउसेसला कॅरॅव्हॅन मिळालीय म्हणे, राहायला चाकांवरचं घर. मुलांना तिथल्या बेटांवरचे पफिन पक्षी दाखवायचेत.

म्हटलं, आणि शाळा?

"शाळा कुठे पळून जातेय? पक्षी जातात. उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत एक शिल्लक राहायचा नाही."

मेमधली आठवड्याची सुट्टी आत्ता तर संपली, तेव्हा का नाही सुचलं? तो बॅगा काढायला लागला. एरवी रजा मागायची तर चार दिवस घोकत बसतो हा माणूस. या वेळी एका फोनमध्ये घेतली.

धाकट्या टोबीच्या गैरहजेरीवरून शाळेनं मला एकदा बोलावून सुनावलंय. पुढच्या वेळी आई-बापांना दंड, मग कोर्ट. तेव्हापासून शाळेचा नंबर दिसला की मी फोन पालथा ठेवते.

९ जून, रविवार
मुलांना पढवलं — तुमचं पोट बिघडलंय, कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं.

मेगन दहाची आहे. म्हणाली, "म्हणजे खोटं बोलायचं."

टोबी म्हणाला, "उलटी कुठल्या रंगाची झाली म्हणून सांगू?"

क्रेग पोट धरून हसला. मला हसू आलं नाही.

१० जून, सोमवार
वाटेत पेट्रोल पंपावरून शाळेत फोन केला. ऑफिसातल्या मिसेस हॅलम. त्यांचा आवाज नेहमी गोडच असतो, त्याचीच भीती वाटते.

"दोघांनाही एकदम?"

हो म्हटलं. तेवढ्यात मागून एक ट्रक धडधडत गेला.

"बाहेर आहात का?"

"खिडकी उघडी आहे," म्हटलं.

पुढे एका चौकात क्रेगनं गाडी सरळ घुसवली. बाजूनं लाल व्हॅन येत होती — चांगली मोठी, भर उजेडात. मी किंचाळले तेव्हा कुठे ब्रेक लागला. व्हॅनवाला खिडकीतून बरंच काही बोलला.

"कुठून टपकला हा?" क्रेग म्हणाला. इतकी वर्षं लॉरी चालवतोय, साधा ओरखडा नाही. पुढचा सगळा रस्ता मी डॅशबोर्डला धरून होते.

११ जून, मंगळवार
शाळेचा फोन येऊन गेला. घेतला नाही. घरी कुणी चौकशीला गेलं तर? दारं बंद, गाडी नाही. शेजारची ग्लेन्डा मनापासून सांगेल, अहो, ते तर समुद्रावर गेलेत!

टोबीनं पलीकडच्या कॅरॅव्हॅनमधल्या बाईंना स्वतःहून सांगितलं, "आम्ही खूप आजारी आहोत." हातात आइस्क्रीम. बाई हसल्या. मी आत येऊन पडदा ओढून घेतला.

दिवेलागणीला क्रेग दूध आणायला निघाला आणि पायरीजवळच्या खुर्चीवर आपटला. चांगला पालथा पडला. मुलं हसली, तोही हसला. पण उठताना तो खुर्ची कुठे आहे ते हातानं चाचपत होता. मी पाहिलं.

१२ जून, बुधवार
बोटीनं बेटावर गेलो. पफिनच पफिन! वाटेच्या कडेला बिळं, चोचीत चंदेरी मासे धरून आत-बाहेर चाललेले. टोबीची बडबड बंद झाली, म्हणजे बघा.

क्रेग पक्षी बघतच नव्हता. मुलांकडे बघत होता. एकटक, मान पूर्ण वळवून.

"डॅड, तुझ्या बुटापाशी!" मेगन म्हणाली. पक्षी अगदी पायाला टेकलेला. क्रेगनं आधी भलतीकडेच पाहिलं.

परतताना मेगन मला चिकटून बसली. हळूच म्हणाली, "मम्, डॅडला बाजूचं दिसत नाही. मी त्याच्या कानाजवळ बोटं नाचवली, त्याला कळलंच नाही. मी दोनदा केलं."

म्हटलं, दमलाय तो. मी खोटं बोलतेय, हे तिला आता ओळखता येतं.

१३ जून, गुरुवार
मुलं वाळूत खेळत होती. मी सरळ विचारलं, तुझ्या डोळ्यांना काय झालंय?

त्यानं बुटातली वाळू झटकली. मग म्हणाला, गेल्या गुरुवारी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. नजर कडेकडेनं विझत चाललीय. आधी संध्याकाळचं जातं, मग बाजूचं, मग समोरचं उरतं ते नळीतून बघितल्यासारखं. तेही किती वर्षं, सांगता येत नाही. उपाय नाही.

"गाडी?"

"बंद. लॉरीपण. तिथेच सांगितलं त्यांनी."

म्हणजे माहीत होतं. सोमवारी माहीत होतं.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, माझी मुलं मागे बसवलीस तू. ती व्हॅन आठवते?

"आठवते," तो म्हणाला. "मला वाटलं, एकदा. एकदाच मी त्यांना कुठेतरी घेऊन जाईन. सरळ रस्ता आहे, जमेल. त्या व्हॅननंतर कळलं, नाही जमत. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं."

किल्ल्या मागितल्या. त्यानं खिसा चाचपून मुकाट्यानं दिल्या.

मला मोटारवेवर, त्या सुसाट हायवेवर, गाडी चालवायची भीती वाटते. आजवर कधी चालवलेली नाही. पण ती भीती आता कुठल्या कोपऱ्यात ठेवू, तेच कळत नाही. इतके दिवस मी एका फोनला घाबरत होते. आणि हा माझ्या शेजारी बसून कशाला घाबरत होता?

मुलांना त्यानंच सांगितलं. टोबीनं विचारलं, "म्हणजे मी मोठा झाल्यावर तुला कळणार नाही, मी कसा दिसतो?"

क्रेग म्हणाला, "म्हणून तर आत्ता बघतोय."

१४ जून, शुक्रवार
सकाळी मी मिसेस हॅलमना फोन केला. म्हटलं, मुलं आजारी नाहीत, समुद्रावर आहेत. अजून एक आठवडा इथेच राहतील.

पलीकडे त्यांनी काहीतरी टाईप केलं. मग म्हणाल्या, "मला ती विनापरवानगी गैरहजर लावावी लागतील. म्हणजे दंड."

लावा, म्हटलं.