मंजूच्या नावाने ओ

मंगळवार, संध्याकाळचे आठ

जिन्यात बसून लिहितोय. सर्जापूर रोडला इतकी स्वस्त खोली मिळतेय कशी, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. घरमालकीण अक्कांची अट एकच. रोज सातला त्या खालून "मंजू!" अशी हाक मारणार, मी वरून "आलो" म्हणायचं. मंजू त्यांचा वारलेला मुलगा. महिनाभर ओ दिली. आपलं काय जातं?

आज फरशीचं काम लांबलं, आत्ता पोचलो; सातची हाक चुकली. वाटलं, खोली गेली. आणि रविवारी बायको बाळाला घेऊन येतेय. तर अक्का हसून म्हणाल्या, "आज पहिल्याच हाकेला ओ दिलीस की! मग बाहेर कधी गेलास रे?"

"आत्ताच, अक्का," म्हणालो. दुसरी खोली कुठून आणू?

वर दाराला सकाळचं कुलूप तसंच आहे. उघडायला हात धजत नाही.